नव्वद दिवस कुणाचे?

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

इंदूरच्या एक निवृत्त शिक्षिका लिहितात. वय अठ्ठावन्न. आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं. मुलगी-जावई जर्मनीत असतात. दोन वर्षांपूर्वी मुलीबरोबर त्या बल्गेरियातल्या रोडोपी डोंगरात सुट्टीला गेल्या होत्या. ज्या घरी उतरल्या, तिथली सत्तरीची मालकीण गावात झाडपाल्याचं औषध देणारी. रानातून पाला, फुलं, मुळं आणायची, माळ्यावर वाळवायची, शेजाऱ्यापाजाऱ्यांना काढे द्यायचे, उरलेलं विकायचं. भाषा कळत नसताना दोघींनी चार दिवस सोबत फुलं खुडली. पुढे त्या बाईंच्या नातीच्या मोबाइलवरून बोलणं सुरू राहिलं आणि आता निमंत्रण आलं आहे: मेमध्ये ये, ऑगस्टपर्यंत राहा, सगळं दाखवते. नेमका त्याच वेळी मुलीचा निरोप आहे: बाळ वर्षाचं होतंय, मला मेमध्ये कामावर रुजू व्हायचंय, पाळणाघर ऑगस्टपासून मिळेल, मधले तीन महिने तू ये. ट्रॅव्हल एजंट म्हणतो, आधी जर्मनीचे तीन महिने करा, मग बल्गेरियाचे तीन. पण तोवर फुलांचा हंगाम सरतो. पती म्हणतात, "तुझं तू ठरव." जाऊबाई म्हणतात, इतकीच हौस असेल तर छिंदवाड्याच्या पातालकोट दरीत जा, जवळ आहे. ग्वाल्हेरच्या विहीणबाईंची वेगळीच कुरकुर: आम्हाला कोण बोलावतंय? बाईंना सहा वर्षांपासून बीपीची गोळी आहे, ती तिथे सुटली तर सोन्याहून पिवळं, असं त्या लिहितात. शिकलेलं सगळं मराठी पुस्तिकेत छापायचाही मनसुबा आहे. त्यांचा शेवटचा प्रश्न असा: "नातवाला टाकून जडीबुटीच्या मागे जाणारी आजी स्वार्थीच म्हणायची ना?"

ताई,

आधी एक रुक्ष गोष्ट सांगते, कारण तुमचा अर्धा घोळ तिथेच आहे. एजंट सांगतो ते आता चालत नाही. पूर्वी बल्गेरियातले दिवस वेगळे मोजले जायचे. ३१ मार्च २०२४ला विमानतळ आणि बंदरांपुरता, आणि १ जानेवारी २०२५ला जमिनीवरच्या सीमांसकट, बल्गेरिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आला. म्हणजे जर्मनी आणि बल्गेरिया मिळून तुमच्याकडे कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस आहेत. उतरायचा दिवस आणि निघायचा दिवस दोन्ही त्यात धरतात. १२ ऑक्टोबर २०२५पासून सीमेवर शिक्क्यांच्या जागी संगणकी नोंद सुरू झाली आहे, त्यामुळे 'चार दिवस इकडेतिकडे चालतात' हा सल्ला कुणी दिला तर कानाआड करा. मुदत ओलांडली तर पुढच्या वेळी नातवाला भेटायलाही व्हिसा मिळायची मारामार होईल.

तर पुंजी नव्वद दिवसांची. ती कशी वाटायची, एवढाच प्रश्न उरतो, आणि 'स्वार्थी आजी' या शब्दांनी तो सुटत नाही. कर्तव्य की हौस असा तराजू मांडला की कर्तव्याचं पारडं आधीच जड असतं. मग आपण जातो, बाळ सांभाळतो आणि जुलैत मुलीच्या बाल्कनीत उभं राहून कुढत बसतो. त्या कुढण्याचा त्रास शेवटी मुलीलाच होतो.

तुम्ही पत्रात पतींना विचारलंत, जाऊबाईंना विचारलंत, एजंटला विचारलंत, आता मला विचारताय. मुलीला विचारल्याचं कुठेच नाही. तिला या निमंत्रणाची कल्पना तरी आहे का? 'तिला वाईट वाटेल' हे तुम्ही तिच्या वतीने ठरवून टाकलं आहे. दोन वर्षांपूर्वी तिनेच तुम्हाला त्या डोंगरात नेलं होतं, आणि तुम्ही फुलं खुडत होतात ते तिने पाहिलं आहे. मला वाटतं, तुम्ही समजता तितकी ती अनभिज्ञ नसावी.

आणि तिच्यापुढे वाटा कमी नाहीत. जर्मनीत १ ऑगस्ट २०१३पासून वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला पाळणाघरातल्या जागेचा कायदेशीर हक्क आहे. प्रत्यक्षात जागा मिळता मिळत नाहीत, हेही खरं. पण तुमच्या नातवाची जागा ऑगस्टपासून पक्की आहे, म्हणजे प्रश्न तीनच महिन्यांचा आहे. शिवाय तिथे नोकरदार बापालाही मुलासाठी रजा घेता येते, आईला जितकी तितकीच. जावईबापूंचं नाव तुमच्या पत्रात प्रवासाच्या वेळी येतं, बाळाच्या वेळी येत नाही. आपल्याकडच्या आया मुलीला नोकरीसाठी भरपूर शिकवतात आणि ती नोकरी टिकावी म्हणून स्वतःचे तीन महिने देतात. जावयाला मात्र कुणी साधं विचारतही नाही. असो.

याहून सोपी वाट तुम्ही स्वतःच एका ओळीत लिहून गेलात: विहीणबाई. "आम्हाला कोण बोलावतंय" ही तक्रार तुम्ही डोकेदुखी म्हणून लिहिली आहे. मला त्यात उत्तर दिसतं. त्यांचे नव्वद दिवस तुमच्या नव्वदात धरत नाहीत! बाळाला दोन आज्या आहेत, दोघींचे पासपोर्ट वेगळे आहेत. तुम्ही मे महिना आणि जूनचे पहिले दहा दिवस राहा, त्यांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात यावं. म्हणजे तीन-चार दिवस दोघी सोबत असाल आणि बाळाची झोप, खाणं, कोणतं गाणं म्हटल्यावर गप्प बसतं, हे सगळं हातोहात देता येईल. फक्त हे तुम्ही परस्पर ठरवू नका. मुलीने आणि जावयाने ठरवावं, आणि फोन जावयाने आपल्या आईला करावा. तुमच्याकडून निरोप गेला तर ग्वाल्हेरला त्याचा वेगळाच अर्थ निघेल.

आता डोंगराकडे. मे ते ऑगस्ट असं निमंत्रण असलं तरी तुम्हाला तेवढं राहायची गरज आहे का? तिकडे वनस्पती गोळा करायचा मोठा दिवस २४ जूनचा, एन्योवदेन. त्या पहाटे सूर्य उगवायच्या आत खुडलेल्या पाल्याला सगळ्यात जास्त गुण असतो अशी समजूत आहे. साडेसत्त्याहत्तर वनस्पती गोळा करायच्या, त्यातली ती अर्धी निनावी आजारासाठी. समजूत बाजूला ठेवली तरी हंगाम खरोखरच तेव्हा भरात असतो. लिंडनची फुलं, सेंट जॉन्स वॉर्टची पिवळी फुलं, मग जुलैत रानओवा, ओरेगॅनो, यॅरो. ११ जूनला पोहोचून २५ जुलैला निघालात तर ४५ दिवस मिळतात. आधीचे जर्मनीतले ४१ धरून ८६ होतात. चार दिवस हाताशी राहतात, विमान रद्द झालं तर उपयोगी पडतील. मेमधला रानलसूण हुकेल. तो हुकला तर मला बरंच वाटेल, आणि त्याचं कारण सांगते.

रानलसणाचा पाला वसंतात येतो. त्याच सुमारास, त्याच ओल्या उतारांवर कॉल्चिकमचा पालाही येतो. दोन्ही हिरवे, लांबट, दिसायला सारखे. कॉल्चिकमची फुलं शरद ऋतूत येतात, त्यामुळे वसंतात ओळखायला फूल नसतं. त्यात कॉल्चिसिन नावाचं विष असतं, त्यावर नेमका उतारा नाही, आणि युरोपात या गफलतीने माणसं दगावली आहेत. लसणाचा वास येतो की नाही हे बघा, असं सांगतात. पण दहा पानं खुडल्यावर बोटांनाच वास लागतो, मग अकरावं पानही लसूणच वाटतं. आपल्याकडची कळलावी याच कुळातली आणि तिच्या कंदातही तेच विष, हे तुम्ही वर्गात शिकवलं असेल. सांगायचं कारण वेगळं आहे. तुम्ही आयुष्यभर फुलावरून वनस्पती ओळखायला शिकवलंत. झाडपालावाली बाई फूल यायच्या आधीचा कोंब, वाळलेली काडी, नुसतं मूळ यांवरून ओळखते. तुमच्या बीएस्सीला जे जमत नाही ते तिला जमतं, आणि पंचेचाळीस दिवसांत तुम्हाला त्यातलं थोडंच जमेल. दहा वनस्पती पक्क्या आल्या तरी पुष्कळ झालं. तिने हातात दिल्याशिवाय काहीही तोंडात घालायचं नाही.

आणि हो, तिकडे 'हो' म्हणताना मान आडवी हलवतात, 'नाही' म्हणताना वर-खाली. आपली मान तर दोन्हीकडे डोलते. "हे खाऊ का?" या प्रश्नाला मानेचं उत्तर घेऊ नका. 'दा' म्हणजे हो आणि 'ने' म्हणजे नाही, एवढं तोंडाने वदवून घ्या. बल्गेरियन लिपीत तीसच अक्षरं आहेत. आत्तापासून रोज अर्धा तास दिलात तर मेपर्यंत बरण्यांवरच्या चिठ्ठ्या तुम्हाला वाचता येतील. वनस्पतींची लॅटिन नावं तुम्हाला येतातच. विकणाऱ्यांना तीही थोडीफार ठाऊक असतात, कारण तिकडचा पुष्कळ माल बाहेर जातो आणि त्यातला मोठा वाटा जर्मनीला. तुमच्या मुलीच्या स्वयंपाकघरातल्या चहाच्या पुडीत त्याच डोंगराचा पाला असू शकतो.

आता ज्या वाक्याने मला खरी काळजी वाटली, त्याकडे येते. "तिथे गोळी सुटली तर सोन्याहून पिवळं." ताई, गोळी सुटणार नाही, आणि सोडायचीही नाही. बीपीच्या काही गोळ्या एकदम बंद केल्या तर दाब उसळी मारतो. तिकडे हृदयासाठी हॉथॉर्नचा चहा घरोघरी पितात. तो गोळीच्या जोडीला पडला तर दाब नको इतका उतरू शकतो, आणि चक्कर डोंगराच्या उतारावर येईल. सेंट जॉन्स वॉर्ट याहून खोडकर. यकृतात औषधं मोडण्याचा वेग तो वाढवतो, त्यामुळे रक्त पातळ करणाऱ्या, नैराश्यावरच्या, संततिनियमनाच्या आणि इतर कितीतरी गोळ्यांचं काम बिघडतं. त्यात बीपीच्या काही गोळ्याही आल्या. तिथे त्याची फुलं तेलात बुडवून बरणी उन्हात ठेवतात, काही आठवड्यांत तेल लालभडक होतं. ते तेल बनवायला जरूर शिका. पोटात घ्यायचा काढा मात्र तुमच्यासाठी नाही. हे फक्त परक्या झाडपाल्याबद्दल नाही. खोकला आला की आपण तोंडात धरतो तो ज्येष्ठमध रोज घेतला तर बीपी वाढवतो, आणि हे इंदुरातल्या किती घरांत ठाऊक आहे देव जाणे. आजीबाईच्या बटव्यातलं सगळं निरुपद्रवी असतं, ही समजूत बीपी, मधुमेह, थायरॉईडच्या गोळ्या नसलेल्या काळातली आहे. त्या आज्या एका वेळी एकच औषध द्यायच्या, आपण चार गोळ्या घेऊन वर काढा पितो.

म्हणून निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून गोळ्यांची मूळ रासायनिक नावं असलेली इंग्रजी चिठ्ठी घ्या. सगळ्या दिवसांच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा. आणि त्या बाईंनाही पहिल्याच दिवशी सांगा की मी अमुक गोळ्या घेते. लाजू नका. खरी जाणती असेल तर तीच म्हणेल, मग हा काढा तुला नको. व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा प्रवास विमा लागतोच. तो घेताना जुना आजार लपवू नका आणि त्याचा खर्च विम्यात बसतो का ते वाचून घ्या. गवतात गोचिड्या असतात, त्यांच्यापासून लाइमसारखे आजार होतात. रोज संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, केसांत बघायचं, पायजमा मोज्यात खोचायचा. जेवणाची काळजी करू नका. दही, बटाटे आणि स्मिल्यान गावच्या घेवड्याच्या शेंगदाण्यांपेक्षाही टपोऱ्या बिया, शाकाहारी माणूस तिथे उपाशी राहत नाही.

त्या बाईंना तुम्ही पत्रभर 'माझ्या गुरू' म्हटलं आहे. त्यांचं पोट कशावर चालतं, याचा विचार केलात का? पाहुण्यांना खोली देणं हा त्यांचा धंदा आहे, आणि जून-जुलै हा त्यांचा भरगच्च हंगाम. दीड महिना तुम्ही एक खोली अडवणार. प्रेमाने बोलावलं असेल, तरी खोलीचं भाडं विचारा आणि द्या. त्या नको म्हणाल्या तर नातीमार्फत पुन्हा विचारा. 'मी कामात मदत करीन, राहणं-जेवण फुकट' असा सौदा करू नका. पर्यटक व्हिसावर अशी अदलाबदल कामात मोजली जाऊ शकते. कायद्याचं अजून एक अंग आहे. बल्गेरियात २००० सालापासून औषधी वनस्पतींचा स्वतंत्र कायदा आहे. घरापुरतं खुडायला परवाना लागत नाही, विकायला खुडाल तर लागतो. काही वनस्पती संरक्षित आहेत. तिथला नावाजलेला मुरसाल्स्की चहा त्यातलाच, आता तो शेतात लावतात. त्या खुडतील त्यांच्या परवान्यावर, तुम्ही खुडाल ते स्वतःच्या वहीत दाबण्यापुरतं.

पुस्तिकेबद्दल माझं मत तुम्हाला कदाचित आवडणार नाही. केरळात १९८७ साली तिरुवनंतपुरमच्या वनस्पती संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ डोंगरात फिरत होते. बरोबरचे काणी आदिवासी वाटाडे एक फळ खात आणि दमत नसत. बरीच विनवणी केल्यावर त्यांनी ती वनस्पती दाखवली: आरोग्यपच्चा. पुढे त्यातून 'जीवनी' नावाचं औषध तयार झालं, १९९५मध्ये ते बनवण्याचा हक्क एका आयुर्वेदिक कंपनीला १० लाख रुपयांना दिला गेला, आणि निम्मा वाटा काणींना द्यायचं ठरलं. तेव्हाच्या मानाने हे फार चांगलं उदाहरण मानलं गेलं. तरीही तक्रार राहिलीच: वाटाड्यांना विचारलं, पण ज्यांच्याकडे ही विद्या परंपरेने होती त्या काणी वैद्यांना कुणी विचारलं? तुमची पुस्तिका लहान आहे, पैसे मिळवायचे नाहीत, सगळं कबूल. तरी काय लिहायचं, काय नाही, व्हिडिओ काढायचा का, त्यांचं नाव द्यायचं का, हे त्यांनाच ठरवू द्या. आणि कोणत्या आजाराला किती चमचे, हे अजिबात छापू नका. रतलामच्या कुणा वाचकाने ते वाचून बाजारातून आणलेल्या कसल्यातरी पाल्याचा काढा केला, तर त्याची जबाबदारी कोण घेणार? पाला कधी खुडायचा, सावलीत का वाळवायचा, मूळ उपटलं की रोपच संपतं म्हणून किती घ्यायचं आणि किती सोडायचं, यावर लिहा. मराठीत असं लिहिलेलं मला वाचायला आवडेल.

जाऊबाईंना उत्तर द्यायचं असेल तर एवढंच: पातालकोटही तुमच्या सोयीसाठी थांबलेलं नाही. छिंदवाड्याच्या त्या दरीतले भुमका आजाऱ्यांना औषध देतात, त्यांचा प्रश्न काणींसारखाच आहे, आणि 'जवळ आहे' हे तिथे जायचं कारण होऊ शकत नाही. तुमची ओळख रोडोपीतल्या एका बाईशी जमली आहे, पातालकोटात कुणाशी नाही. जाऊबाईंच्या बोलण्यातला एक भाग मात्र घेण्यासारखा आहे: सराव घरापासून करा. आत्तापासून एप्रिलअखेरपर्यंत दर रविवारी जानापाव किंवा चोरलच्या बाजूला एकाच वाटेवर जा आणि पानगळीतली, बिनफुलाची झाडं सालीवरून, कळीवरून ओळखून बघा. गुडघ्याचाही अंदाज येईल. नीमचच्या मंडीत अश्वगंधाचे ढीग पाहून या, मुळाची प्रत हाताने आणि नाकाने कशी ठरवतात ते तिथे दिसेल.

परत येताना बिया, रोपटी, मुळं आणू नका. भारतात २००३च्या आदेशानुसार रोपं आणि बियांना परवाना आणि तिथलं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, आणि वाळलेला पालाही विमानतळावर अडू शकतो. वहीत दाबलेली पानं तिथेच ठेवा, फोटो आणा.

पतींचं "तुझं तू ठरव" मला पुरेसं वाटत नाही. ते उदार वाटतं, पण त्यात उद्या काही बिनसलं तर "मी कुठे म्हटलं होतं जा" म्हणायची सोय आहे. त्यांना नेमकं विचारा: मी ८६ दिवस नसेन, जेवणाचा डबा लावायचा का, तुमच्या तपासण्या कुणाबरोबर, रात्री फोन किती वाजता? हो किंवा नाही, तोंडाने सांगू द्या.

क्रम असा ठेवा. पहिला फोन मुलीला, तोही या रविवारीच, तारखांसकट. "जाऊ का?" असं विचारू नका. "मी १ मे ते १० जून तुझ्याकडे आहे, ११ जूनपासून डोंगरात, मधल्या आठवड्यांचं काय करूया?" असं बोला. ती रागावली तर दोन दिवस जाऊ द्या आणि पुन्हा बोला. ती खरोखर अडचणीत असेल, विहीणबाई येऊ शकत नसतील, जावयाला रजा मिळत नसेल, तर डोंगर तीन आठवड्यांवर आणा, १६ जून ते ६ जुलै. त्यात २४ जून येतो. त्याहून कमी करू नका, आणि 'पुढच्या वर्षी बघू' तर म्हणूच नका. तुम्ही अठ्ठावन्न आहात, त्या सत्तरीच्या पुढे आहेत, आणि तो माळा लाकडी शिडीने चढावा लागतो, असं तुम्हीच लिहिलं आहे.

तारखा ठरल्या की व्हिसा. जास्त दिवस जिथे राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. ४१ विरुद्ध ४५ असेल तर बल्गेरियाकडे, डोंगर तीन आठवड्यांचा झाला तर जर्मनीकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, पण उन्हाळ्यात अर्ज द्यायला भेटीची वेळ मिळता मिळत नाही, तेव्हा फेब्रुवारीतच द्या. दोन्ही घरांचे पत्ते आणि दोन्ही निमंत्रणपत्रं जोडा. त्या बाईंचं निमंत्रण नातीकडून लिहून घ्या आणि त्यात खोलीच्या भाड्याचा उल्लेख असू द्या.